बाराशे पन्नासचं पत्र

मला वाचनालयाचा कार्यवाह केला त्याला कारण एकच, माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान वाचनालयाच्या बरोबर खाली आहे. वार्षिक सभेत कुणीतरी म्हणालं याला करा, टायपिंगचे पैसे तरी वाचतील, आणि अकरा जणांच्या सभेत दहा हात वर गेले. अकरावा मी.

कृष्णाकाठचं गाव, शासनमान्य सार्वजनिक वाचनालय, ड वर्ग. राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत, अ ब क ड अशी उतरंड आहे आणि आमच्यासारखी ड वाली खेडोपाडी पसरलेली. पद घेतल्यावर पहिल्यांदा मी हिशेबाची वही उघडली आणि तिथंच डोकं फिरलं. ड वर्गाला तेव्हा वर्षाचं अनुदान ३०,००० रुपये. महिन्याचं नाही हो, वर्षाचं. त्यातला निम्मा पगारावर, राहिलेल्यात पुस्तकं, पेपर, लाइट बिल, झाडू, सगळं. निम्मे म्हणजे १५,०००, भागिले बारा. १,२५०. आमच्या ग्रंथपाल आक्का गेली अठरा वर्षं रोज वाचनालय उघडतात, पेपर लावतात, दिलेलं पुस्तक वेळेत नाही आलं तर घरी जाऊन घेऊन येतात, आणि त्यांचा पगार महिना बाराशे पन्नास. तोही दर महिन्याला नाही, कारण अनुदान येतं दोन हप्त्यांत आणि दुसरा हप्ता कधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पडतो. तोपर्यंत आक्कांचा पगार वहीत लिहिलेला असतो, हातात नसतो.

मी म्हटलं आक्का तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही का. त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू? तूच सांग की, तुझ्याकडं कॉम्प्युटर हाय."

तर सांगायचं म्हणून मी २०२१ च्या फेब्रुवारीत पाच पानी पत्र लिहिलं. पाच पानं. त्यात वाचन संस्कृती होती, १९६७ चा ग्रंथालय कायदा होता, मोबाइलमुळं बिघडलेली तरुण पिढी होती, आणि चौथ्या पानावर कुठंतरी मध्येच अनुदान वाढवा असं होतं. पत्र कुणाला, तर शालेय शिक्षण मंत्र्यांना. मला वाटलं पुस्तकं म्हणजे शिक्षण, शिक्षण म्हणजे शाळा. ग्रंथालयं उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडं येतात हे मला, एका ग्रंथालयाच्या कार्यवाहाला, माहीत नव्हतं! एक प्रत आमदारसाहेबांच्या संपर्क कार्यालयात नेऊन दिली. साहेब कुठल्यातरी लग्नाला गेलेले, तिथल्या पोरानं पोच म्हणून शिक्का मारला आणि पत्र एका गठ्ठ्यावर ठेवलं. गठ्ठ्यात वरनं दिसणारी सगळी पत्रं रस्ता, गटार, डीपी आणि बदली अशी.

चार महिन्यांनी उत्तर आलं. आनंद झाला, फोडून बघतो तर आम्हालाच उलटा प्रश्न. आमचा अर्ज चुकीच्या विभागातनं बरोबर विभागात, तिथनं खाली, तिथनं आणखी खाली असा फिरत फिरत आमच्याच जिल्ह्याच्या ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचलेला आणि त्यांनी आम्हाला विचारलेलं, की सदर वाचनालयाच्या तक्रारीबाबत आपला खुलासा सादर करावा. म्हणजे आमच्याच तक्रारीचा खुलासा आम्हीच करायचा. आक्का एवढ्या हसल्या की ठसका लागला. मी खुलासा पाठवला पण, "तक्रार खरी आहे" असा.

मग दिवाळीत नाना भेटले. नाना म्हणजे माझ्या आत्याचे दीर, विधानभवनात नोकरी करून रिटायर झालेले, चकलीचा तुकडा बशीत आपटत आपटत बोलणारा माणूस. त्यांना ते खुलाशाचं पत्र दाखवलं तर हसले नाहीत. म्हणाले, तू सगळंच उलटं केलंस. पैसे मागायचेत ना, मग बजेट कधी शिजतं हे आधी बघायचं. मार्चमध्ये सभागृहात वाचतात ते वाढून ठेवलेलं ताट असतं, भाजी निवडायला बसतात ते पावसाळा संपता संपता. विभाग आपापले आकडे वित्त विभागाला पाठवतात तेव्हा तुझा विषय कुणाच्या तरी कानावर असला पाहिजे. मार्चमध्ये आमदार फक्त बोलू शकतो, आणि तेही वेळ मिळाला तर, कारण सगळ्या विभागांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा होतच नाही, बऱ्याच मागण्या शेवटी एकदम मताला टाकतात आणि होय म्हणणारे होय म्हणतात, झालं.

मी विचारलं मग आमदाराला लिहून उपयोग काय. तर म्हणाले आहे ना, पण त्याच्या हातात काय आहे ते मागावं. तारांकित प्रश्न टाकता येतो, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, तो बराच आधी द्यावा लागतो. लक्षवेधी लावता येते, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधायचं. कपात सूचना देता येते, म्हणजे मागणीतली नावापुरती रक्कम कमी करा म्हणायचं आणि त्या निमित्तानं विषय काढायचा. पुरवणी मागण्या असतात पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात, त्यात मध्येच पैसे घालता येतात. आणि सगळ्यात सोपं, आपल्या लेटरहेडवर मंत्र्याला पत्र देता येतं. "तू त्याला निबंध दिलास," नाना म्हणाले, "त्यातनं लक्षवेधी कोण काढणार? त्याला तयार वाक्य दे, जे तो उभा राहून वाचू शकेल."

हे वाक्य मी दुकानात प्रिंट काढून लावलंय, फॉर्म भरायला येणाऱ्यांना कळत नाही ते काय आहे.

त्या रात्री मी बजेटची पुस्तकं उघडली. सरकारच्या साइटवर असतात, कुणीही बघू शकतो, फक्त शेकडो पानांच्या पीडीएफ आणि त्यात सर्च चालेल याची खात्री नाही. आमचं लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधला त्या खर्चाचा नंबर, २२०५, कला व संस्कृती, त्याखाली १०५ सार्वजनिक ग्रंथालये. अर्धा तास शोधून ती ओळ सापडली तेव्हा मी खरंच उठून उभा राहिलो, बायको म्हणाली काय झालं, म्हटलं आक्का सापडल्या. कोट्यवधींच्या आकड्यांच्या रकान्यात कुठंतरी आतमध्ये आमचे तीस हजार होते, दिसत नव्हते पण होते.

आता नवीन पत्र एक पानी. खरं तर अर्धं पान. पहिल्याच ओळीत: "आपल्या मतदारसंघातील ड वर्ग वाचनालयाच्या ग्रंथपालाचे मासिक वेतन १,२५० रुपये आहे." मग एक ओळ, २०१२ नंतर अनुदानाचे दर वाढलेले नाहीत. मग एकच मागणी, उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना दरवाढीसाठी पत्र द्यावं आणि येत्या अधिवेशनात विषय मांडावा. खाली लेखाशीर्ष, माझा नंबर, सही, शिक्का. वाचन संस्कृती एकदाही नाही.

आणि नानांनी आणखी एक सांगितलेलं जे मला माहीत असूनही डोक्यात आलं नव्हतं. आपला आमदार एकच नसतो. विधानसभेचा एक, २८८ पैकी. पण विधान परिषदेत ७८ आहेत, त्यात सात पदवीधरांचे आणि सात शिक्षकांचे. पुणे विभागात आपण येतो, म्हणजे पदवीधरांच्या मतदार यादीत नाव असेल तर तोही आपलाच आमदार, आणि मास्तरांना शिक्षक आमदार वेगळा. मी स्वतः दुकानात लोकांचे नमुना १८ भरून दिलेत, पदवीधर मतदार नोंदणीचे, पन्नासएक तरी, पण निवडून आलेल्या माणसाला नंतर काही लिहायचं असतं हे डोक्यातच नाही. तर तीन पत्रं गेली. पदवीधरवाल्याला पत्र लिहिताना मी मुद्दाम लिहिलं की आमच्या वाचनालयातले तेवीस सभासद आपले मतदार आहेत, यादी सोबत जोडली आहे. हे सगळ्यात कामाचं कलम ठरलं असं माझं मत.

पोस्टकार्डाची आयडिया आक्कांची. म्हणाल्या पत्र एक जातंय, गठ्ठ्यात जातंय, मग गठ्ठाच पाठवू की. पोस्टकार्ड पन्नास पैशाला मिळतं, शंभर कार्डं पन्नास रुपयांत, पोस्टमास्तरनी आधी विचारलं कसलं आंदोलन हाय काय. शाळेतल्या पोरांना लिहायला बसवलं, मजकूर मी फळ्यावर लिहून देणार होतो तर आक्का नको म्हणाल्या, ज्यानं त्यानं आपलं लिहावं. हे त्यांचं बरोबर निघालं. सातवीतल्या एका पोरीनं लिहिलेलं मला पाठ आहे: "साहेब, आमच्या वाचनालयात एक ट्यूब आहे ती लुकलुक करते. आक्का म्हणतात अनुदान आल्यावर बदलू. मला संध्याकाळी वाचायला जमत नाही. अनुदान द्या." एवढंच. माझ्या पाच पानांपेक्षा भारी.

एका काकांनी मात्र वाचनालय सोडून शेतातल्या वाटेचं लिहिलं, तेही पाठवलं, म्हटलं जाऊदे.

कार्डं गेल्यावर आठ दिवसांनी फोन करायला सुरुवात केली. फोनचं सांगतो कारण लोक यालाच घाबरतात. फोन आमदार उचलत नाही, पीए उचलतो, आणि पीए वाईट माणूस नसतो, त्याला दिवसात दोनशे फोन असतात. पहिल्या फोनला मी नमस्कार साहेब, मी अमुक गावचा, आमच्या वाचनालयाची स्थापना, असं सुरू केलं, तिकडनं "विषय काय" आणि माझं ततपप. दुसऱ्या वेळी कागदावर लिहून घेतलं आणि एका दमात वाचलं, नाव, गाव, ड वर्ग ग्रंथालय अनुदान, अमुक तारखेचं पत्र, मंत्र्यांना पत्र गेलं का एवढंच विचारायचंय. पंधरा सेकंद. तो म्हणाला ते पोस्टकार्डवाले का तुम्ही? म्हटलं हो. म्हणाला अहो बास करा, टेबल भरलंय. पण आवाजात राग नव्हता. अधिवेशन चालू असताना दुपारी फोन करू नका, तेव्हा ते सगळे मुंबईत पळापळीत असतात, सकाळी नऊ-साडेनऊला केला तर माणूस निवांत बोलतो, हा माझा अनुभव.

११ मार्च २०२२ ला बजेट आलं. आक्का आणि मी मोबाइलवर लाइव्ह बघत बसलो, मध्ये दोनदा रिचार्ज संपल्यासारखं अडकलं. आमचे दर काही वाढले नाहीत. आक्का उठून पेपर नीट लावायला गेल्या, काही बोलल्या नाहीत, मला मात्र वाईट वाटलं, कारण पोरांना मी सांगितलं होतं की साहेब वाचतील.

मग जून संपता संपता सरकारच बदललं. टीव्हीवर गुवाहाटीचं हॉटेल दाखवत होते आणि मी इकडं विचार करतोय की ज्या मंत्र्याच्या नावानं सगळी पत्रं गेलीत तो खात्यावर राहतो का नाही. नाही राहिला. आमचे साहेब त्या दिवसांत नेमके कुठं होते ते मी इथं लिहीत नाही. नानांना फोन केला, ते म्हणाले बरं झालं, नवीन मंत्र्याच्या टेबलावर जागा रिकामी असते, आणि आता सप्टेंबर येतोय, परत लिही. तेच पत्र, मंत्र्याचं नाव बदललं, तारीख बदलली, परत तिघांना. पोस्टकार्डं या वेळी कमी आली, निम्मीच, लोक कंटाळतात.

गणपतीत साहेब गावात मंडळांच्या आरत्यांना आले. आमचं मंडळ वाचनालयासमोरच बसतं. आरतीचं ताट आक्कांच्या हातात. साहेबांनी ताटात पन्नासची नोट टाकली आणि मी तीच वेळ साधली, म्हटलं साहेब, या आमच्या ग्रंथपाल, यांचा पगार महिना बाराशे पन्नास. ते म्हणाले रोजचे? नाही साहेब, महिन्याचे. ते क्षणभर थांबले, मागं पीएकडं बघितलं, पीए म्हणाला साहेब ते पोस्टकार्डवाले. आणि मला तेव्हा कळलं की त्यांना हे खरंच माहीत नव्हतं, पत्र वाचलं नव्हतं म्हणून नाही, बाराशे पन्नास हा आकडा लिहिलेला बघून त्यांना ती टायपिंगची चूक वाटलेली. समोर ताट धरून उभी असलेली बाई बघितल्यावर ती चूक नाही हे पटलं. पुढच्या आठवड्यात लेटरहेडवरच्या पत्राची कॉपी मला व्हॉट्सअपवर आली, आणि गंमत म्हणजे पत्रातलं पहिलं वाक्य शब्द न् शब्द माझं.

वर्ष संपता संपता मंत्रिमंडळानं ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केली. ड वर्गाचे ३० चे ४८ हजार झाले. आता हे आमच्या पत्रामुळं झालं असं मी म्हणालो तर आक्काच मला वाचनालयातनं बाहेर काढतील. ग्रंथालय संघाची माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढत होती, धरणं धरत होती, सगळ्या पक्षांच्या आमदारांनी सभागृहात विषय काढलेला, आम्ही त्या ढिगातला एक कागद. पण ढीग कागदांचाच होतो ना. निम्मे म्हणजे २४,०००, भागिले बारा, २,०००. गॅसचा सिलिंडर तेव्हा हजाराच्या वर होता. आक्कांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या पहिल्यांदा ती ट्यूब बदल.

तेव्हापासनं मला नादच लागला म्हणा. २०२५ मध्ये नक्षलवादाला आळा घालायला म्हणून सरकारनं आणलेल्या जनसुरक्षा विधेयकावर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीनं लोकांकडनं सूचना मागवल्या, १ एप्रिलपर्यंत मुदत होती, तर मी विधेयकाचा मसुदा प्रिंट काढून वाचनालयाच्या टेबलावर ठेवला. दोन दिवस नुसती भांडणं. काही जणांना कायदा पाहिजेच होता, काहींना तो सरकारच्या विरोधात बोलणाऱ्या कुणावरही लावतील अशी भीती. मी कार्यवाह म्हणून एकच सांगितलं, ज्याला जे वाटतं ते त्यानं कलमाचा नंबर घालून लिहा, पाकिटं मी टाकतो. सात पत्रं गेली, चार एका बाजूची, तीन दुसऱ्या. राज्यभरनं बारा हजारांच्या वर सूचना गेल्या असं पेपरात आलं, मसुद्यात थोडे बदल झाले आणि जुलैत ते आवाजी मतदानानं मंजूर पण झालं. विरोधात लिहिणारे तिघं अजून माझ्यावर चिडून आहेत, म्हणतात काय उपयोग झाला. मी त्यांना काय सांगणार, मला पण पहिल्या वर्षी खुलाशाचं पत्र आलेलं. एवढंच सांगितलं की बहुतेक विधेयकांना अशी समिती आणि मुदत मिळतच नाही, मांडलं जातं आणि चार-सहा दिवसांत मंजूर होतं, मग आमदाराला कळवायला आपल्याकडं तेवढेच दिवस असतात, त्यामुळं अधिवेशन सुरू व्हायच्या आधी कुठली विधेयकं येणारेत ती यादी बघायची सवय लावून घ्या.

आता परत पावसाळा सरत आलाय. दोन हजार हा काही पगार नाही हे तुम्हाला सांगायला नको, कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्या ही मागणी जुनीच आहे आणि तशीच आहे. तर तुमच्या गावात वाचनालय असेल तर वर जाऊन एकदा तिथल्या माणसाला पगार विचारा, तो आकडा पहिल्या ओळीत टाका आणि विधानसभेच्या आमदाराला, पदवीधरच्या आमदाराला आणि ओळखीच्या मास्तरांकडनं शिक्षक आमदाराला पाठवा. वाचनालय नसेल तर अंगणवाडी असेल, आरोग्य उपकेंद्र असेल, एसटीचा फलाट असेल, प्रत्येकाला कुठला तरी विभाग आणि कुठलं तरी लेखाशीर्ष असतंच, फक्त माझ्यासारखं चुकीच्या मंत्र्याला लिहू नका. पत्र दिल्यावर पोच घ्या, आठ दिवसांनी फोन करा, पीएचं नाव विचारून लिहून ठेवा.

काल शंभर कार्डं आणून काउंटरवर ठेवली. इतक्या वर्षांत आक्कांनी स्वतः एकही कार्ड लिहिलं नव्हतं, म्हणायच्या माझ्याच पगाराचं मी कसं मागू, बरं दिसत नाही. संध्याकाळी वाचनालय बंद करून खाली आल्या, किल्ल्या काउंटरवर ठेवल्या, एक कार्ड ओढून घेतलं आणि माझ्याकडं पेन मागितलं. बराच वेळ नुसत्या कार्डाकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "साहेबांना माननीय लिहू का नुसतं नमस्कार?"